बॅटरी, सौर पॅनल आणि पाठीवरचं हॅम स्टेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरमाथ्यावर किंवा मोकळ्या मैदानात हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बोलण्या-ऐकण्याचा बिनतारी सेट) लावायचा म्हटलं की पहिली चर्चा अँटेनाची होते. विजेचा विषय "बारा व्होल्टची एखादी बॅटरी घे" एवढ्यावर आटपतो आणि मग ऐन पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला अनेक जण एकदम हाका मारतात तेव्हा) सेट बंद पडतो. खालची उत्तरं क्यूआरपी, म्हणजे कमी पॉवरच्या, ५ ते १० वॅटच्या सेटवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. १०० वॅटवाल्यांचा विचार जिथे वेगळा करावा लागतो, तिथे तसं सांगितलं आहे.

रेडिओवर १३.८ व्होल्ट लिहिलंय आणि बॅटरी तर १२ ची. चालेल का?

बहुतेक वेळा चालतं. पण "१२ व्होल्टची बॅटरी" हे नुसतं नाव आहे. खरा आकडा बॅटरीच्या प्रकारावर आणि ती किती भरलेली आहे यावर ठरतो. बहुतेक सेटच्या माहितीपत्रकात १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ११.७ ते १५.९ व्होल्ट. लहान सेट याहून सोशिक असतात. यासूचा एफटी-८१८ तर ८ ते १६ व्होल्टांवर चालतो.

खालची मर्यादा ओलांडली तर काही सेट सरळ बंद होतात. त्यात निदान फसगत तरी होत नाही. काही सेट मात्र चालूच राहतात आणि आवाज फाटायला लागतो, सीडब्ल्यूमध्ये (मोर्स संकेतांत) प्रत्येक डॅशला चिवचिव येते. हे समोरच्याला ऐकू येतं, आपल्याला नाही. म्हणून व्होल्टेज बॅटरीवर न मोजता रेडिओच्या सॉकेटपाशी मोजावं, आणि तेही ट्रान्समिट दाबलेलं असताना. नुसत्या रिसीव्हवर दिसणारा आकडा फारसं काही सांगत नाही.

मला किती मोठी बॅटरी लागेल?

याचं उत्तर दुकानात मिळत नाही, आपल्याच सेटच्या खर्चातून काढावं लागतं. बॅटरी घ्यायच्या आधी सेटच्या वायरीत एक अँमीटर किंवा वॅटमीटर घालून तीन आकडे लिहून ठेवा: रिसीव्हला किती करंट लागतो, पूर्ण पॉवरने कॅरिअर (आवाज नसलेली नुसती लहर) सोडली तर किती, आणि नेहमीसारखं बोलत असताना सरासरी किती. माहितीपत्रकातले आकडे कमाल असतात, प्रत्यक्ष खर्च बहुधा त्याहून कमी निघतो.

आता एक उदाहरण घेऊ. १० वॅटचा सेट आहे, रिसीव्हला ०.४ अँपिअर आणि पूर्ण ट्रान्समिटला २.५ अँपिअर घेतो. चार तास बसायचं आहे, त्यातला चौथा हिस्सा वेळ बोलण्यात जातो.

एसएसबीमध्ये (सिंगल साइडबँड, बोलण्याची एक पद्धत) आवाज थांबला की पॉवरही खाली येते, त्यामुळे बोलतानाचा सरासरी करंट निम्म्याच्या आसपास, समजा १.२ अँपिअर धरू. तीन तास ऐकण्याचे १.२ अँपिअर-तास आणि एक तास बोलण्याचे १.२, एकूण २.४ अँपिअर-तास. एफएमला बोला किंवा गप्प बसा, बटण दाबलं की पूर्ण कॅरिअर जातेच. म्हणून तिथे तोच एक तास २.५ चा होतो आणि बेरीज ३.७ वर जाते. सीडब्ल्यू या दोघांच्या मधे बसतं.

एफटी८ चा (संगणकाने छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा) हिशोब अनेकांना चकवतो. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेल्या या मोडमध्ये १५ सेकंदांचे टप्पे असतात आणि प्रत्यक्ष सिग्नल १२.६४ सेकंद चालतो. एक टप्पा आपला, एक समोरच्याचा. सतत सीक्यू (कोणी आहे का, अशी सर्वांना हाक) देत राहिलात तर एकूण वेळाच्या ४२ टक्के वेळ पूर्ण पॉवर जात असते. वरच्याच सेटवर सरासरी सुमारे १.३ अँपिअर येते, म्हणजे चार तासांत ५ अँपिअर-तासांहून थोडं जास्त, एसएसबीच्या दुपटीपेक्षाही वर. लॅपटॉपची भूक यात अजून धरलेलीच नाही.

एसएसबीच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. निम्मा खर्च नुसत्या ऐकण्याचा आहे. सगळे ट्रान्समिट पॉवर कमी करण्याची चर्चा करतात, पण लांब बसणाऱ्याची बॅटरी बऱ्याचदा रिसीव्हरच खातो. स्पीकरऐवजी हेडफोन, स्क्रीनचा उजेड कमी, जीपीएस आणि वाय-फाय लागत नसेल तर बंद: हे फुकटात होतं आणि पाठीवर एक ग्रॅमही वाढत नाही.

जो आकडा येईल त्यावर चाळीस-पन्नास टक्के जास्त धरा. वारा सुटतो, बँड अचानक उघडतो, उठायचं मन होत नाही.

माझ्याकडे १०० वॅटचाच सेट आहे. तो बाहेर नेऊ का?

न्या, पण वजनाची तयारी ठेवा. असे सेट पूर्ण पॉवरला २० ते २३ अँपिअर घेतात आणि नुसतं ऐकायलाही एक अँपिअरच्या आसपास. पॉवर १० वॅटवर आणली की करंट दहाव्या हिश्श्यावर येईल असं वाटतं, तसं होत नाही. अंतिम टप्प्याचे ट्रान्झिस्टर १०० वॅटसाठी बसवलेले असतात, कमी पॉवरला त्यांची कार्यक्षमता घसरते. १० वॅटवर सात-आठ अँपिअर घेणारे सेट सर्रास दिसतात. पंखा वेगळाच.

दुसरी बाजूही बघा. सिग्नलचा जोर रेडिओचा एस मीटर एस युनिटांत दाखवतो. एक एस युनिट म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे पॉवरमध्ये चौपट फरक. १०० वरून २५ वॅटवर आलात तर समोरच्याचा मीटर एका एस युनिटने खाली येतो, ६ वॅटवर आलात तर दोन युनिटांनी. बँड बरा असेल तर हा फरक जाणवतो, पण गप्पा थांबत नाहीत. माझं मत विचाराल तर दर महिन्याला बाहेर जाणाऱ्याने मोठी बॅटरी घेण्याऐवजी लहान सेट घ्यावा. वर्षातून एकदा मोटारीने जाणाऱ्याने आहे त्या सेटला ३० ते ५० अँपिअर-तासांची बॅटरी लावावी आणि पॉवर २५-३० वॅटवर ठेवावी.

कोणत्या प्रकारची बॅटरी घ्यावी?

आज नवी घेत असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. हॅम मंडळी हिला सरसकट "लायफो" म्हणतात.

कारण व्होल्टेजमध्ये आहे. हिचा एक सेल ३.२ व्होल्टचा, चार सेल ओळीने जोडले की १२.८. पूर्ण भरल्यावर थोडा वेळ गेला की १३.३-१३.४ वर स्थिरावते आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते. सेलच्या आत लिथियम असलेला आणि नसलेला असे दोन घन पदार्थ एकत्र नांदत असतात. डिस्चार्ज होताना त्यांचं प्रमाण बदलतं, व्होल्टेज फारसं बदलत नाही. १३.८ साठी बनवलेल्या रेडिओला याहून सोयीचं काय हवं? शिवाय फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे इतर लिथियम प्रकारांच्या मानाने ही पेट घ्यायला फार कमी तयार असते. दोन हजारांच्या घरात चार्ज-डिस्चार्ज फेऱ्या हा उत्पादकांचा नेहमीचा दावा आहे आणि नीट वापरली तर तो अवास्तव नाही. या रसायनाची ओळख जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये छापील निबंधातून करून दिली. गुडइनफ यांना पुढे लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं नोबेल विभागून मिळालं.

सीलबंद लेड-अ‍ॅसिड, म्हणजे यूपीएसमध्ये असते ती ७ अँपिअर-तासांची ठोकळेबाज बॅटरी, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी आहे. पण तिच्यावरचा ७ हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा आहे, म्हणजे ०.३५ अँपिअरने. तासाभरात उपसायला गेलात तर चार-साडेचारच मिळतात. त्यातही निम्म्याहून खाली वारंवार नेली तर आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे दोन किलोंहून अधिक वजन उचलून हाताशी साडेतीन अँपिअर-तास. व्होल्टेजही भरलेली असताना १२.७ आणि निम्मी असताना १२.२, वर वायरीतली घट धरली तर ११.७ फार दूर नाही. तळावर एका जागी बसायचं असेल आणि मोटार जवळ असेल तर ती अजूनही चांगली नोकरी करते. डोंगर चढायचा असेल तर नको.

निकेल मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल विसरू नका. दहा सेल म्हणजे १२ व्होल्ट, सुमारे २ अँपिअर-तास. ५ वॅट सीडब्ल्यूसाठी एका सकाळचं काम होतं, आणि एखादा सेल गेला तर तेवढाच बदलता येतो. अल्कलाइन सेल मात्र ट्रान्समिटला दमतात, त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो.

ड्रोन किंवा खेळण्याच्या विमानांचे लिथियम-पॉलिमर पॅक वापरले तर?

वजनाला हलके आहेत, हे खरं. अडचण सेलच्या संख्येची आहे. तीन सेलचा पॅक १२.६ वर सुरू होतो आणि ९ पर्यंत उतरतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळ तो ११.७ च्या खाली असतो. ज्या सेटला ९-१० व्होल्ट चालतात त्याला उत्तम, १०० वॅटच्या सेटला निरुपयोगी. चार सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर १६.८ असतो, आणि ते बहुतेक रेडिओंच्या वरच्या मर्यादेच्या पलीकडे आहे. काही जण मधे डायोड घालून व्होल्टेज उतरवतात. जमतं, पण एखाद्या दिवशी डायोडची वायर घरी राहते आणि पॅक सरळ सेटला लागतो.

शिवाय या पॅकना बहुधा स्वतःचं संरक्षण सर्किट नसतं. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करू नका.

पॉवर बँकेवर चालेल का?

हँडीला (हातात धरायच्या सेटला) आणि अगदी लहान क्यूआरपी सेटला चालेल. आधी क्षमतेचा भ्रम दूर करू. २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. म्हणजे ७४ वॅट-तास. रूपांतरातली घट वजा जाता १२ व्होल्टला साधारण ५ अँपिअर-तास हाती लागतात. तरी वाईट नाही.

यूएसबी पॉवर डिलिव्हरीमध्ये ५, ९, १५ आणि २० व्होल्ट हे ठरलेले टप्पे आहेत. १२ असेलच असं नाही, पुष्कळ पॉवर बँका देतात, काही देत नाहीत. छोटं ट्रिगर बोर्ड लावून १५ व्होल्ट मागता येतात आणि ते १५.९ च्या आत बसतात, पण तुमच्या सेटची वरची मर्यादा आधी तपासा. २० वर चुकून गेलं तर सेट गेला. दोन खोड्या मात्र राहतात: करंट फार कमी असेल तर पॉवर बँक झोपी जाते, आणि आतला कन्व्हर्टर एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवर) खरखर सोडतो. दुसरीवर खाली सविस्तर लिहिलं आहे.

बोलता बोलता बॅटरी एकदम शून्य व्होल्ट दाखवते. मेली का?

बहुधा नाही. लिथियम पॅकमध्ये बीएमएस नावाचं संरक्षण सर्किट असतं. करंट मर्यादेपेक्षा जास्त गेला, एखादा सेल फार उतरला किंवा शॉर्ट झालं की ते बाहेरची वाट तोडतं आणि टर्मिनलवर काहीच दिसत नाही. लोड काढा, थोडं थांबा, चार्जर लावा. बहुतेक पॅक जागे होतात.

हे वारंवार होत असेल तर बीएमएसची करंट मर्यादा बघा. १० अँपिअर देणारा पॅक १०० वॅटच्या सेटला जोडला की रिसीव्हवर सगळं छान असतं आणि पहिल्याच मोठ्या "हॅलो"ला अंधार. पॅकवर सतत किती आणि क्षणिक किती असे दोन आकडे असतात. आपण सतत वाला धरायचा.

सौर पॅनल थेट रेडिओला जोडलं तर?

नको. "१२ व्होल्ट" म्हणून मिळणारं ३६ सेलचं पॅनल लोड नसताना २१-२२ व्होल्ट देतं. रिसीव्हवर रेडिओचा लोड इतका कमी असतो की व्होल्टेज तिथेच राहील. ट्रान्समिट दाबलं की पॅनल तेवढा करंट देऊ शकत नाही आणि व्होल्टेज कोसळेल. मधे ढग आला की तीच गत. पॅनल चार्ज कंट्रोलरला, कंट्रोलर बॅटरीला, रेडिओ बॅटरीवर. पॅनलचं काम बॅटरी भरण्याचं. रेडिओचे धक्के बॅटरीने सोसायचे.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. बॅटरी नसताना पॅनल मिळालं तर काही कंट्रोलर गोंधळतात, आणि काही आपल्या आउटपुटवर नको तेवढं व्होल्टेज सोडतात.

किती वॅटचं पॅनल पुरेल?

पॅनलवरचा आकडा प्रयोगशाळेतला आहे: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. उन्हात ठेवलेला सेल हवेपेक्षा वीस-तीस अंशांनी सहज तापतो आणि सिलिकॉन पॅनलची पॉवर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घटते. सेल ६० अंशांवर गेला की दहा ते चौदा टक्के तिथेच गेले. घडीच्या पॅनलचे उत्पादक आकडे जरा उदार मनानेच छापतात. मी २० वॅटच्या पॅनलकडून १२ ते १४ वॅटच धरतो आणि त्याहून जास्त आले तर आनंद मानतो.

वरच्या एसएसबीच्या उदाहरणात चार तासांत २.४ अँपिअर-तास म्हणजे सुमारे ३१ वॅट-तास गेले. १२ वॅट खरे मिळत असतील तर चार तासांत ४८ वॅट-तास येतात. म्हणजे २० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात खर्च भरून वर थोडं शिल्लक टाकतं. पण अशा एका दुपारसाठी पॅनल नेण्यात अर्थ आहे का? माझ्या मते नाही. तेवढ्या वजनात बॅटरीच एक आकाराने मोठी घ्या, तिला ढगाची पर्वा नसते. पॅनल खरं कामाला येतं ते मुक्काम दोन-तीन दिवसांचा असताना किंवा वीज गेलेल्या भागात आपत्कालीन जाळं चालवताना.

मुक्कामाचा हिशोब दिवसावर करायचा. दिवसभराचं सगळं ऊन १००० वॅटच्या तासांत मोजलं तर निरभ्र दिवशी ४ ते ६ तास निघतात. रोज आठ तास एफटी८ म्हणजे सुमारे १० अँपिअर-तास, १३० वॅट-तास. ५० वॅटच्या पॅनलचे खरे ३० ते ३५ धरले तर पाच तासांत दीडशेच्या वर येतात. जेमतेम जमतं. लॅपटॉपही त्याच बॅटरीवर असेल तर १०० वॅटकडे बघा. आणि पूर्ण ढगाळ दिवशी पॅनल छापील आकड्याच्या दहा-वीस टक्क्यांवर येतं, त्या दिवसासाठी बॅटरीतच शिल्लक हवी.

पॅनल कसं ठेवावं? जमिनीवर पसरून चालेल?

चालेल, पण सूर्य खाली असेल तर बरंच जातं. किरण सरळ न पडता ३० अंश तिरके पडले तर १३ टक्के घट, ६० अंश तिरके तर निम्मं. तासा-दीड तासाने उठून पॅनल सूर्याकडे वळवलं तरी पुरे. पॅनलला काटकोनात एखादी काडी धरा, तिची सावली पडेनाशी झाली की दिशा बरोबर.

सावलीबद्दल मात्र हयगय नको. सेल ओळीने जोडलेले असतात, एकावर फांदीची सावली पडली की सगळ्या ओळीचा करंट त्याच्यापुरता उतरतो. बायपास डायोड असले तर त्या ओळीला वळसा घालतात, पण लहान पॅनलमध्ये ओळीच एक-दोन असतात. पानगळीची हलकी जाळीदार सावली डोळ्यांना निरुपद्रवी वाटते, मीटरला तसं वाटत नाही.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर घेऊ की एमपीपीटी?

पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला सरळ बॅटरीशी जोडतो आणि बॅटरी भरत आली की जोड-तोड करत राहतो. पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली यावं लागतं. ५० वॅटचं पॅनल १८ व्होल्टला २.८ अँपिअर देतं. तेच १३.३ व्होल्टच्या बॅटरीला लावलं तर करंट तेवढाच राहतो आणि हाती ३७ वॅट उरतात. एमपीपीटी पॅनलला १८ वरच ठेवतो आणि फरकाचं रूपांतर जास्त करंटमध्ये करतो. तुमच्या हाती ४५ ते ४७ वॅट येतात. पॅनल तापलं की त्याचं व्होल्टेज उतरतं आणि हा फरक आणखी कमी होतो.

२० वॅटच्या पॅनलला हा फायदा दोन-चार वॅटचा. त्यासाठी मी एमपीपीटी नेणार नाही, कारण त्याची किंमत रिसीव्हरमध्ये खरखरीच्या रूपाने मोजावी लागू शकते.

दोन्हींपैकी काहीही घ्या, लिथियम आयर्न फॉस्फेटचं सेटिंग हवंच: चार्जिंग १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंत, आणि लेड-अ‍ॅसिडसाठी असतं ते "इक्वलायझेशन" बंद. तो टप्पा १५ व्होल्टांच्या वर जातो.

पॅनल जोडल्यापासून बँडवर खरखर वाढली. काय करू?

बाहेर जाण्याचं निम्मं सुख शांत बँडमध्ये आहे. घरी चार्जर, दिवे आणि इन्व्हर्टर यांच्या गोंगाटात बुडालेले सिग्नल डोंगरावर स्पष्ट ऐकू येतात. तिथे स्वतःच गोंगाटाचं यंत्र घेऊन जायचं, म्हणजे मौनव्रताला ढोलताशे नेण्यासारखं आहे.

आधी दोषी कोण ते ठरवा. ४० किंवा ३० मीटरच्या बँडवर रिकामी फ्रीक्वेन्सी निवडा, एस मीटर बघा आणि पॅनलची वायर काढा. खरखर गेली तर कंट्रोलरच. वायर न काढता पॅनलवर जाड कापड टाकूनही हेच कळतं. डायल फिरवताना खरखर ठरावीक अंतराने वर-खाली होत असेल तर तो स्विचिंग कन्व्हर्टरचा ठसा आहे. त्याची फ्रीक्वेन्सी दहा-वीस ते काही शे किलोहर्ट्झ असते आणि तिच्या पटी सगळ्या एचएफवर पसरतात. ही तपासणी बॅटरी अर्धी रिकामी असताना करा. भरलेल्या बॅटरीवर कंट्रोलर निवांत असतो आणि निर्दोष सुटतो.

मग उपाय, फुकटातले आधी. पॅनल आणि कंट्रोलर अँटेनापासून लांब न्या. पाच-दहा मीटरनेही मोठा फरक पडतो, कारण पॅनल आणि त्याच्या दोन वायरी मिळून एक अँटेनाच असते. त्या वायरी एकमेकींना पीळ घालून ठेवा, पसरलेली फास करू नका. मग फेराइट, म्हणजे वायरीवर चढवायचं चुंबकीय मिश्रणाचं कडं. एचएफसाठी ३१ नंबरचं मिश्रण उपयोगी, ४३ नंबरचं त्याहून वरच्या बँडना जास्त चांगलं. वायरीवर नुसता एक क्लिप-ऑन मणी अडकवून ७ मेगाहर्ट्झवर फारसं काही होत नाही. मोठ्या कड्यातून दोन्ही वायरी एकत्र सात-आठ वेढे घेऊन काढा, अडवणूक साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक कडं पॅनलच्या बाजूला, एक बॅटरीच्या बाजूला, दोन्ही कंट्रोलरला अगदी लागून.

हीच कडी उलट्या दिशेनेही उपयोगी पडतात. काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची जादा वायर) न लावता एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) अँटेना चालवली की आरएफ (रेडिओ लहरींचा करंट) परतीची वाट शोधत पॉवरच्या वायरीत शिरतं आणि कंट्रोलर वेडावाकडा वागतो. ट्रान्समिट दाबल्यावर कंट्रोलरचा डिस्प्ले लुकलुकत असेल तर दोष त्याचा नाही.

एवढं करूनही खरखर राहिली तर स्विचिंग न करणारा साधा कंट्रोलर घ्या: बॅटरी भरली की पॅनल तोडणारा किंवा शंट प्रकारचा (जादा वीज बाजूला वळवून जिरवणारा). कार्यक्षमता कमी, पण गप्प. सगळ्यात खात्रीचा उपाय त्याहून सोपा आहे. दोन लहान बॅटऱ्या न्या. एकीवर रेडिओ, दुसरी लांब उन्हात चार्ज होत राहील. जेवणाच्या वेळी अदलाबदल.

वायर किती जाड हवी?

एका बाजूचं अंतर दोन मीटर असेल तर करंटला चार मीटर तांबं पार करावं लागतं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध सुमारे ०.०९ ओहम. २ अँपिअरला ०.१८ व्होल्ट जातात, कुणाला कळतही नाही. २० अँपिअरला १.८ व्होल्ट जातात आणि सेट बंद पडतो. २.५ चौरस मिलिमीटरला हीच घट सुमारे ०.५५ आणि ४ ला ०.३५. १०० वॅटवाल्यांनी ४ च्या खाली जाऊ नये आणि वायर शक्य तितकी आखूड ठेवावी.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागून, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नाही. त्याचं काम रेडिओपेक्षा वायर वाचवण्याचं आहे, आणि शॉर्ट कुठेही होऊ शकतो. कनेक्टर म्हणून अँडरसन पॉवरपोल हॅम जगात रुळले आहेत. १५, ३० आणि ४५ अँपिअरचे पिन एकाच मापाच्या घरात बसतात, त्यामुळे मित्राची बॅटरी आपल्या सेटला लागते. लाल-काळ्याची मांडणी मात्र सगळ्यांनी एकच ठेवायला हवी. लहान लिथियम पॅकवर एक्सटी६० येतो, तोही उलटा लागत नाही.

बॅटरी किती उरली हे कसं ओळखायचं?

लेड-अ‍ॅसिडला व्होल्टमीटर पुरतो. लायफोला नाही. ज्या सपाट व्होल्टेजचं वर कौतुक केलं, तेच इथे आडवं येतं: ८० टक्के आणि ४० टक्के यांत फरक दशांश व्होल्टचा, आणि शेवटी एकदम कडा. वायरीत अँपिअर-तास मोजणारा छोटा वॅटमीटर बसवा आणि गेलेले अँपिअर-तास बघत चला. हाच मीटर वरच्या "किती मोठी बॅटरी लागेल" या प्रश्नातले आकडेही देतो.

थंडीत लिथियम बॅटरी चालते का?

वापरायला चालते, क्षमता कमी मिळते. चार्ज मात्र शून्य अंशाखाली करायची नाही. तेव्हा लिथियम इलेक्ट्रोडच्या आत न शिरता वर धातू होऊन साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. चांगले बीएमएस अशा वेळी चार्जिंग अडवतात, सगळे नाही. रात्री बॅटरी स्लीपिंग बॅगेत घ्या. याच थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, कंट्रोलरची इनपुट मर्यादा काठावर असेल तर सांभाळा.

विमानातून नेता येते का?

सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात, टर्मिनल झाकून. १०० वॅट-तासांपर्यंत साधारणपणे परवानगी असते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते, त्यावर प्रवाशाला नेता येत नाही. १२.८ व्होल्टला ७.५ अँपिअर-तास म्हणजे ९६ वॅट-तास. बॅटरीवर वॅट-तास छापलेले नसतील तर सुरक्षा तपासणीत वाद घालण्यात अर्थ नसतो. जाण्याआधी कंपनीचा नियम वाचा.

जनरेटर का नको?

कुठे काय चालतं ते कार्यक्रमावर आहे. समिट्स ऑन द एअर, म्हणजे २००२ मध्ये ब्रिटनमधून सुरू झालेला शिखरांचा उपक्रम, इंधनावरच्या जनरेटरला आणि कायमस्वरूपी वीजजोडणीला स्पष्ट मनाई करतो: बॅटरी, सौर पॅनल किंवा तसंच काही नेता येण्याजोगं हवं. अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या, म्हणजे एआरआरएलच्या, फील्ड डे या बाहेर जाऊन संपर्क करण्याच्या वार्षिक कार्यक्रमात जनरेटर चालतो, पण मुख्य वीज किंवा पेट्रोल जनरेटर न वापरता पाच संपर्क केले तर १०० गुणांचा बोनस गटाला मिळतो. एक लहान बॅटरी पॅनलवर भरून घ्या, पाच संपर्क करा, झालं.

न वापरता ठेवायची असेल तर?

लेड-अ‍ॅसिड नेहमी पूर्ण भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी टॉप-अप करा, अर्धी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं. लिथियमचं उलट: निम्म्याच्या थोडं वर ठेवा, थंड कोरड्या जागी, बंद मोटारीत उन्हात तर नाहीच. निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. आणि लेड-अ‍ॅसिडचा "रिकंडिशन" बटण असलेला चार्जर लिथियमला लावू नका.